कडू औषध आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलावयास सांगितले तेव्हा "विषय अनुभवाचा घ्या" एवढीच अट घातली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण औषधाचा चमचा हातात धरून कोणाच्या तरी मागे धावण्याचा अनुभव मला पुष्कळ आहे, आणि तो तुम्हां सर्वांनाही आहे. म्हणून औषधाच्या चवीविषयीच बोलावे असे ठरविले. विषय ऐकून काहीजणी हसल्या. हसावयास हरकत नाही. परंतु चव नको म्हणून औषध अर्धवट सुटते आणि दुखणे घरात राहते, हेही आपण पाहतोच.

माझे माहेर साताऱ्याचे. आमच्या आजीचा नियम असा की, महिन्यातून एका रविवारी घरातील सगळ्या मुलांना एरंडेल. पहाटेच उठवून ओळीने पाटावर बसवी. कोऱ्या चहात एरंडेल, वरून आल्याचा रस. "नाक धर, डोळे मीट आणि गीळ!" मागून मीठ लावलेली लिंबाची फोड. माझा एक भाऊ परसातून पळून शेजाऱ्यांच्या माळ्यावर जाऊन बसे, पण शेजारीणबाई आजीच्या पक्षाच्या असल्यामुळे त्याला स्वतः आणून पोहोचवीत. आता डॉक्टर सांगतात की धडधाकट मुलाला असे वार लावून रेच देऊ नयेत, आणि ते योग्यच आहे. आजीची नाक धरण्याची युक्ती मात्र अगदी शास्त्राला धरून होती. एरंडेल काही फार कडू नसते. त्याचा वास आणि ओशटपणा नकोसा होतो. आपण जिला चव म्हणतो तिच्यात नाकाचा वाटा फार मोठा. सर्दी झाली की आमटी बेचव लागते ती यामुळेच. किराइताच्या काढ्याला मात्र नाक धरून काही उपयोग नाही. तो कडूपणा जिभेचा.

शाळेत आम्हांला जिभेचे चित्र काढावयास लावीत. टोकाला गोड, कडेला आंबट, अगदी मागे कडू. ते चित्र चुकीचे होते असे आता सिद्ध झाले आहे. सगळ्या चवी जिभेला सगळीकडे कळतात. गोड ओळखण्याची जिभेवर एकच तऱ्हा असते, पण कडू ओळखणाऱ्या सुमारे पंचवीस तऱ्हा. निसर्गाने एवढा पहारा का ठेवला, तर विषारी झाडपाला बहुधा कडू असतो म्हणून. लहान मुलांना तर कडू आपल्यापेक्षा अधिक झोंबते. तेव्हा मूल औषध थुंकून टाकते तो नेहमी हट्टच असतो असे समजू नये. मूल जरा मोठे, बर्फ चघळता येण्याजोगे असेल, तर आधी बर्फाचा लहानसा खडा चघळावयास द्यावा. जीभ गार झाली की चव कमी कळते. माझ्या धाकट्या मुलीचा निम्मा रडण्याचा कार्यक्रम या एका युक्तीने बंद झाला.

सांगलीकडे सासरी आले तेव्हा सासूबाईंचे मत याच्या अगदी उलट दिसले. जे कडू नाही ते औषधच नव्हे! गोड वेष्टणाची गोळी आणली की त्या म्हणत, "हे काय, लिमलेट आणलंस?" हे मत पुष्कळ वडीलधाऱ्यांचे असते, आणि त्याला कारणही आहे. त्यांनी कोयनेलचा काळ पाहिलेला. सिंकोनाच्या सालीतून कोयनेल १८२० साली पॅरिसमध्ये वेगळे काढले गेले, आणि त्यापुढे शंभर वर्षांहून अधिक काळ हिवतापावर तेच मुख्य औषध. बंगालात १८९२ पासून त्याच्या पुड्या पोस्टात पैशाला एक अशा विकत असत. आपल्या सातारा जिल्ह्याचाही त्याच्याशी संबंध आला होता. महाबळेश्वरास लिंगमळ्याचा धबधबा पाहावयास आपण सहलीला जातो. त्याच लिंगमळ्यावर १८६० नंतरच्या काळात सरकारने सिंकोनाची लागवड करून पाहिली होती. पण ती झाडे तेथे तगली नाहीत. तर असे ते कोयनेल, कडूपणात कडुनिंबालाही मागे टाकणारे, आणि गुण देणारे. त्यामुळे कडूपणा आणि गुण यांची लोकांच्या मनात गाठ बसली. पण गुण औषधाचा आहे, चवीचा नव्हे. गोळीवर साखरेचा थर दिला म्हणून पोटात गेल्यावर तिचे काम काही कमी होत नाही.

आता जरा गंभीर गोष्ट सांगते. घरच्यांना विचारूनच सांगते आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांना क्षय झाला. क्षय म्हटला की आपल्या भागातील माणसाला मिरज आठवते. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली तेथे इस्पितळ उघडले, आणि पुढे वान्लेसवाडीला क्षयाच्या रोग्यांसाठी आरोग्यधामही झाले. जुन्या काळी रोग्याला महिनोन् महिने तेथे राहावे लागे. आमच्या भावोजींना घरीच राहून औषध घ्यावयाचे होते. सरकारी केंद्रातून गोळ्या फुकट मिळतात. सहा महिने, रोज, उपाशीपोटी. गिळताना विशेष काही वाटत नसे, पण तासाभराने मळमळ सुरू होई आणि गंजलेला खिळा चघळल्यासारखी चव दुपारपर्यंत तोंडात राही. जेवणावरची वासना उडाली. दोन महिन्यांत ताप गेला, खोकला थांबला, आणि आम्ही सगळे निर्धास्त झालो.

एके दिवशी केंद्रातील सिस्टर घरी आल्या. गोळ्यांची रिकामी पाकिटे पाहिली, मोजली, बरोबर भरली. मग त्यांनी भावोजींना सरळ विचारले, "लघवीचा रंग कसा आहे?" भगिनींनो, आजाराच्या बोलण्यात लाजू नये म्हणून सांगते. त्या गोळ्यांत एक औषध असे असते की त्याने लघवी तांबूस होते. भावोजींना ते ठाऊक नव्हते. म्हणाले, "नेहमीसारखाच." सिस्टर काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातून कागदात बांधलेल्या गोळ्या निघाल्या. गालात धरून ठेवावयाच्या, आईसमोर तांब्याभर पाणी प्यावयाचे आणि गोठ्यात जाऊन थुंकावयाच्या! सासूबाई तोंडाला पदर लावून बसल्या. भावोजी मला एवढेच म्हणाले, "वहिनी, मरण परवडलं, पण ती चव नको."

सिस्टर रागावल्या नाहीत, याचे मला फार नवल वाटले. त्या म्हणाल्या, हे काही नवे नाही. पूर्वी क्षयावर पास नावाचे औषध असे. दिवसाला दहा-बारा ग्रॅम, मूठभर गोळ्या किंवा पुड्या, आणि त्याने उलट्या होत. मद्रासला १९५६ पासून घरी राहून क्षयाचे औषध घेण्याचा मोठा प्रयोग झाला. इस्पितळाइतकाच घरीही गुण येतो, हे त्या प्रयोगाने जगाला दाखवून दिले. पण रोगी पास खरोखर घेतो की टाकून देतो हे कळावे म्हणून तेथेही लघवी तपासावी लागे. अर्धवट औषधाने रोग मरत नाही, उलट त्या गोळ्यांना जुमानेनासा होतो, आणि मग त्याहून कडक औषधे घ्यावी लागतात. हे सगळे त्यांनी भावोजींना समोर बसवून सांगितले. नंतर डॉक्टरांना विचारून गोळ्यांची वेळ बदलून दिली. रात्री थोडे खाऊन, निजण्यापूर्वी. मळमळ झोपेत निघून जाऊ लागली. (अशी वेळ आपल्या मनाने मात्र बदलू नये.) माझ्या भावाने साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा पुडा पाठविला. रोज गोळ्यांनंतर अर्धा पेढा, आणि तो देण्याचे काम सासूबाईंकडे. तोंड उघडून जीभ वर करून दाखविल्याशिवाय त्या पेढा देत नसत. सिस्टरांनी हिशेब नव्याने धरला, म्हणून सहाचे आठ महिने झाले. शेवटची थुंकी स्वच्छ आली.

वैद्यांच्या भाषेत याला अनुपान म्हणतात; औषध कशाबरोबर घ्यावयाचे ते. मध, तूप, साखर, कोमट पाणी. पण तेही विचारून. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये. लोहाच्या गोळीवर चहा घेऊ नये, लिंबाचे सरबत चालते. औषध पेलाभर दुधात कालवू नये, कारण अर्धा पेला उरला की अर्धे औषध उरले, आणि मूल दुधालाही विटते ते निराळेच. गोळी कुटावयाची असेल तर आधी विचारावे. काही गोळ्यांवरचे वेष्टण त्या पोटात ठरावीक जागी विरघळाव्यात म्हणून असते. मुलाला आडवे पाडून, नाक दाबून घशात औषध ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. आजीचे नाक धरणे निराळे. आम्ही ताठ बसून आमचे आम्हीच धरीत होतो.

आणि गोडाविषयीही बोलले पाहिजे. अमेरिकेत १९३७ साली सल्फा औषध पातळ आणि गोड करून विकले गेले. ते ज्यात विरघळविले होते ते डायएथिलीन ग्लायकॉल चवीला गोडच, पण विष. शंभरावर माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ. मुंबईत १९८६ साली जे. जे. रुग्णालयात याच विषाची भेसळ असलेल्या ग्लिसरिनने चौदा रोगी दगावले, आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. २०२५ साली मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या पातळ औषधातून तेच झाले. वीसहून अधिक लहान मुले गेली. ते औषध त्या मुलांनी बहुधा न कुरकुरता घेतले असेल, हे मनात येते तेव्हा मला पुढे बोलवत नाही. लहान मुलांचा साधा खोकला बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. शेजारणीच्या मुलाला लागू पडलेली बाटली आपल्या मुलाला देऊ नये, आणि औषधाला "खाऊ" म्हणू नये. लोहाच्या लाल गोळ्या खाऊ समजून खाल्लेली मुले इस्पितळात न्यावी लागतात.

आता माझी वेळ संपत आली. दारापाशी टेबलावर मी घरातले तीन चमचे ठेवले आहेत, तिघांनाही आम्ही "चहाचा चमचा" म्हणतो. शेजारी औषधाच्या बाटलीबरोबर येते ते पाच मिलिलिटरचे माप आहे. चहाला जाताना प्रत्येकीने त्यांतला एक चमचा पाण्याने भरून मापात ओतून पाहावा. काल मी पाहिले तर एकाचे माप भरून वर सांडले, आणि एकाने निम्मेच भरले.