पानाची साक्ष



दगडात दबून गेलेल्या काळ्या डहाळीवरून झाडाची नवी जात कशी ठरवितात, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. हे शास्त्र मी शाळेत शिकलो नाही. वाचनालयात बसून जे उमगले ते आपल्यापुढे ठेवतो.

युरोपातील सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूचिपर्णी वृक्षांच्या पिसासारख्या डहाळ्या सापडतात. १८२५ साली स्टर्नबर्गने त्यांना ‘वाल्किया’ नाव दिले. पुढे अशी दिसेल ती डहाळी वाल्कियाच ठरू लागली. रुडॉल्फ फ्लोरिन या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९३८ ते १९४५ या काळात आपल्या ग्रंथात हा सारा माल पुन्हा तपासला.

पान इवलेसे, तेही कोळसा झालेले. ते नायट्रिक ॲसिड आणि पोटॅशियम क्लोरेट यांच्या मिश्रणात ठेवावयाचे, नंतर अमोनियाने धुवावयाचे. कोळसा निघून जातो आणि पानावरचा मेणचट पापुद्रा, म्हणजे उपत्वचा, तेवढी उरते. घाई केली की तीही हातची जाते! या पापुद्र्यावर पेशींचे ठसे असतात, आणि पान ज्यांतून श्वास घेई ती रंध्रेही दिसतात. काही डहाळ्यांत ही रंध्रे रुंद पट्ट्यांत दाटलेली, तर काहींत एकामागे एक अशा सुट्या ओळींत. नुसत्या डोळ्यांना सारखी दिसणारी झाडे सूक्ष्मदर्शकाखाली निराळी निघाली. पहिल्यांना त्याने ‘लेबाकिया’ म्हटले, दुसऱ्यांना ‘एर्नेस्टिओडेंड्रॉन’.

पण निराळे पान म्हणजे निराळे झाड, असेही नाही. या वृक्षांच्या मुख्य फांदीवरची पाने टोकाशी दुभंगलेली, तर बाजूच्या डहाळ्यांवरची साधी. सुटी सापडलेली दुभंगलेली पाने ‘गॉम्फोस्ट्रोबस’ या वेगळ्याच नावाने नोंदली जात होती. एकच कामगार दोन नावांनी मस्टरवर असल्याचे मी पाहिले आहे. त्यातलाच हा प्रकार.

मला फ्लोरिनची एक गोष्ट विशेष वाटते. ज्या डहाळ्यांवर उपत्वचा शिल्लकच नव्हती, त्यांना त्याने नव्या नावाखाली ओढले नाही. जुन्या वाल्कियातच राहू दिले. पुढे नामकरणाच्या नियमांत ‘लेबाकिया’ हे नाव टिकले नाही, कारण वाल्कियाची मूळ जातच त्याने त्यात घातली होती. पट्टे आणि ओळी यांतला फरक मात्र आजही पापुद्र्यावर पाहता येतो.