आईच्या डब्यातली नाणी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला नाण्यांचा नाद आहे हे कळल्यापासून तुमचे फोटो येतात. लालबाग-परळची चाळ पुनर्विकासाला गेली, खोली आवरताना आईचा डबा सापडला, ‘याचे किती येतील रे?’ सगळ्यांना एकदाच उत्तर देतो.

पहिलं, नाणं घासू नका. चिंच लावलीत की किंमत गेली.

दुसरं, स्वातंत्र्यानंतरचं नाणं असेल तर सालाखाली भिंगातून बघा. शंकरपाळ्यासारखी खूण म्हणजे आपली फोर्टातली टाकसाळ, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा. काहीच नसेल तर कोलकाता.

तिसरं, प्रकार वेगळा आणि चूक वेगळी. ठसाच बदलला तर तो प्रकार. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला, लोक बिथरले. १९१२ मध्ये ठसा सुधारला. चूक म्हणजे छापतानाचा अपघात. चकती सरकली की चित्र कडेला जातं. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्यावर एकीकडे तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. मात्र हातोडीचा मार किंवा झीज ही टाकसाळीची चूक नव्हे.

शिवराईवर ‘शिव’ कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’ दिसतं. ठसे खोदणारे हात अनेक, म्हणून हे प्रकार. ते जुळवायला महेश्वरी आणि विगिन्स यांचा मराठा टाकसाळींवरचा १९८९ चा इंग्रजी ग्रंथ आहे. ब्रिटिश नाण्यांसाठी प्रिडमोर, बाकीच्यांसाठी क्राउझचा कॅटलॉग. आधी वजन, मग साल, मग खूण, मग अक्षरं, या क्रमाने पाहा.

हे इतकं सांगतोय कारण आपल्याच एका मित्राला फोन आला, ‘वैष्णोदेवीच्या पाच रुपयांचे लाखो देतो.’ नोंदणी म्हणून त्याने दोनदा पैसे भरले, ते गेले. त्याच्याच सांगण्यावरून, नाव न घेता, बोलतोय. ती नाणी २०१२ ची, चलनातली, ढिगाने मिळणारी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये अशा फसवणुकीबद्दल जाहीर इशाराही दिला होता. खरा गिऱ्हाईक आधी पैसे मागत नाही.

फोर्टात अमर बिल्डिंगमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे. एखाद्या दिवशी सगळे मिळून जाऊ. डबे घेऊन या, भिंग मी आणतो. आणि बाई, सर, तुम्हीही यायचंच.