लोर्नांचा आवाज

गाणें गाणाऱ्याचें कीं ऐकणाऱ्याचें? हें गोमंतकीयांना विचारावें. मुंबईच्या नाइट क्लबांत ट्रंपेटवादक ख्रिस पेरी यांनीं कोंकणी गीतांना जाझचा साज चढविला. लोर्ना कोर्देरो यांच्या भरदार कंठानें ‘बेब्दो’, म्हणजे दारुडा, हें गीत घरोघरीं पोंचविलें. पुढें ती जोडी तुटली आणि लोर्ना सुमारें दोन दशकें मूक राहिल्या. त्या हयात नाहींत, असेंहि कित्येकांना वाटलें. परंतु लग्नसमारंभांत त्यांचीं गाणीं वाजतच राहिलीं. १९९५ सालीं मिरामारच्या किनाऱ्यावर त्या पुन्हां गावयास उभ्या राहिल्या, तेव्हां हजारों श्रोते लोटले. गमावलेलीं वर्षें कोणी परत देऊं शकत नाहीं. श्रोत्यांनीं त्यांची जागा तेवढी राखून ठेविली होती.