अपघाताच्या तपासणीत सापडलेली गाठ

मुंबई-आग्रा रस्त्यावर दुचाकीवरून पडलेली एखादी स्त्री नाशिकच्या रुग्णालयात आणली जाते, तेव्हा आप्तांना तिच्या हाडांची काळजी असते, डॉक्टरांना पोटाची. यकृत किंवा प्लीहा फाटली तर रक्त आतल्या आत साचते, वरून मात्र काहीच दिसत नाही. म्हणून सोनोग्राफीने यकृताभोवती, प्लीहेभोवती, हृदयाच्या आवरणात आणि ओटीपोटात द्रव आहे की काय, हे पाहिले जाते. या शोधातच कधी कधी गर्भाशयाची वा बीजांडकोशाची अशी गाठ दृष्टीस पडते की, जिचा अपघाताशी काडीमात्र संबंध नसतो.

गर्भाशयामागील खोलगट जागेत थोडासा द्रव पाळी येणाऱ्या स्त्रीत निसर्गतःही आढळतो. परंतु गर्भनलिकेत राहिलेला गर्भ फुटला तर तेथेच रक्तही साचते. या दोहोंत घोटाळा झाला तर तो जिवावर बेततो; म्हणूनच अशा वयाच्या जखमी स्त्रीची गर्भधारणेची चाचणी आरंभीच करतात. हा प्रश्न निघाला की पुष्कळ सासरे व दीर अवघडतात. त्यांनी क्षणभर बाहेर बसावे, हे उत्तम!

पोटातील गाठींचा व या यंत्राचा संबंध जुना आहे. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी 1955 साली धातूंतील दोष शोधणारे यंत्र काढलेल्या गाठींवर लावून पाहिले. पुढे जठराचा असाध्य कर्करोग ठरवून जिची आशा सोडली होती, अशा एका स्त्रीच्या पोटात त्यांना प्रचंड बीजांडकोश-पुटी दिसली. ती काढताच बाई वाचली. त्यांचा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली छापला गेला.

अशा गाठी अनपेक्षित का वाटतात, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळते. डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. विकार होतेच, विचारणारे कोणी नव्हते. शहरातील सुशिक्षित घरांनीही या बाबतीत फार ताठ मानेने बोलावे, असे नाही.

तथापि गाठ दिसली म्हणजे शस्त्रक्रिया आलीच, हेही खरे नव्हे. पाळी चालू असलेल्या स्त्रीची पाच सेंटिमीटरपर्यंतची साधी, पाण्याने भरलेली पुटी बहुधा आपोआप विरते. त्रास न देणारे फायब्रॉइड नुसते पाहत राहिले तरी चालते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये अनावश्यकपणे काढल्याच्या तक्रारींवरून शासनाला 2019 साली चौकशी समिती नेमावी लागली, हे विसरता येत नाही. उलट पाळी थांबल्यावर दिसलेली गाठ, किंवा जिच्यात घन भाग आहे अशी गाठ, लांबणीवर टाकण्याजोगी नसते.

अडचण होते ती कागदांची. प्लॅस्टरच्या बिलांत आणि विम्याच्या अर्जांत सोनोग्राफीच्या अहवालातील ती एक ओळ हरवते. तो अहवाल निराळा ठेवून, जखम भरताच स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवावा व पुन्हा सोनोग्राफी केव्हा करावयाची, तो दिवस ठरवून घ्यावा. मध्यंतरी ओटीपोटात एकाएकी तीव्र कळ येऊन उलट्या सुरू झाल्या, तर गाठीला पीळ पडला असण्याचा संभव असतो; तेव्हा त्या दिवसाची वाट न पाहता, त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.