अभयारण्याची आखणी : गोराईच्या खाडीचा धडा

मुंबई उपनगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला गोराई वसलेली आहे. बोरिवलीहून तेथे जावयाचे तर होडीने खाडी ओलांडावी लागते; खुष्कीच्या मार्गाने जावयाचे तर भाईंदर-उत्तनचा वळसा घ्यावा लागतो. खाडीच्या एका तीरावर कोळी व ईस्ट इंडियन समाजाची जुनी गावे आहेत, तर दुसऱ्या तीरावर लक्षावधी वस्तीचे नगर आहे. या दोहोंच्या मध्ये, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, कांदळवन उभे आहे. वन्यजीवांच्या आसऱ्याची दीर्घकालीन योजना कशी आखावी, या प्रश्नाचा विचार करण्यास याहून योग्य स्थळ क्वचितच सापडेल.

योजनेचा पहिला प्रश्न सीमेचा असतो. गोराईच्या पूर्वेस काही किलोमीटरवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १०३ चौरस किलोमीटर. या उद्यानात तुळशी तलावाच्या परिसरात दहिसर नदी उगम पावते आणि सुमारे १२ किलोमीटरचा प्रवास करून मनोरी-गोराईच्या खाडीला मिळते. उद्यानाच्या हद्दीत तिचे पाणी निर्मळ असते. हद्द ओलांडताच तबेल्यांचे शेण, सांडपाणी आणि प्लास्टिक तिच्यात मिसळू लागते व ते सारे अखेर कांदळवनाच्या मुळाशी येऊन साचते. कागदावर उद्यान, महानगरपालिकेचा नाला आणि खाडी ही तीन निरनिराळ्या कार्यालयांची क्षेत्रे आहेत. पाण्याच्या दृष्टीने ते एकच क्षेत्र आहे. यास्तव आराखड्याची सुरुवात सर्व्हे क्रमांकांच्या यादीने न होता पाण्याच्या वाटेने झाली पाहिजे.

दुसरा प्रश्न त्या वनाच्या जीवनक्रमाचा. तिवराची झाडे चिखलातून वर काढलेल्या श्वसनमुळांनी हवा घेतात आणि अंगातील जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतात. कांदळाचे बीज झाडावर असतानाच रुजते आणि मग चिखलात उतरते. चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबी व अनेक माशांची पिले या मुळांच्या आश्रयाने वाढतात. पाणपक्षी त्यांवर जगतात. सोनेरी कोल्हाही मुंबईच्या कांदळवनांत वावरतो. हे सारे दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीवर अवलंबून आहे. भरतीची वाट बांधाने अडविली किंवा राडारोड्याचा भराव घातला, तर एकाही झाडाला कुऱ्हाड न लागता वन उभ्याउभ्या वाळते. तोडलेले झाड मोजता येते. अडविलेले पाणी मात्र पंचनाम्यात सहसा येत नाही. म्हणून पहारेकऱ्याने झाडांबरोबरच भरतीच्या वाटांचीही नोंद ठेवणे अगत्याचे ठरते.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि तोच सर्वांत कठीण होय. बोरिवलीच्या बाजूस खाडीलगत १९७२ पासून शहराचा कचरा टाकण्यात येऊ लागला. ही जागा सुमारे १९.६ हेक्टर, २००७ मध्ये ती बंद करण्यात आली तेव्हा तेथे सुमारे २३ लाख टन कचरा साठलेला होता. पुढे तो मातीने व अभेद्य आच्छादनाने झाकून, त्यातून निघणारा मिथेन वायू गोळा करून जाळण्याची व्यवस्था करण्यात आली. हे काम नमुनेदार झाले यात शंका नाही. तथापि एका दशकातील सोयीचा निर्णय निस्तरण्यास पुढची साडेतीन दशके जावी लागली, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. अधिकाऱ्याची नेमणूक तीन वर्षांची, निवडून आलेल्या सदस्याची मुदत पाच वर्षांची. वनाची गणना मात्र पिढ्यांनी होते. हे अंतर भरून काढणे, हेच लेखी आराखड्याचे खरे प्रयोजन आहे.

अशा आराखड्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. ठाणे खाडीचा १६.९ चौरस किलोमीटरचा प्रदेश २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्यासाठी दहा वर्षांचा व्यवस्थापन आराखडा तयार झाला, २०२१ मध्ये सभोवार पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले आणि २०२२ मध्ये या पाणथळीस रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यातील २०२२ च्या सुधारणेने अभयारण्याचे व्यवस्थापन मान्य आराखड्यानुसार व्हावे, असे स्पष्ट केले. अमेरिकेत १९०३ मध्ये पेलिकन बेटापासून सुरू झालेल्या वन्यजीव आश्रयस्थानांसाठी १९९७ च्या कायद्याने पंधरा वर्षांची योजना आवश्यक ठरविली असून ती आखताना जनतेचे म्हणणे ऐकून घेणेही बंधनकारक केले आहे.

गोराईची खाडी अभयारण्य नाही. परंतु ती निराधारही नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाण्याच्या वाटा बुजविल्याचे मोल साऱ्या महानगराला कळले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीस मनाई केली व कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखण्यास सांगितले. २०१८ च्या अंतिम निर्णयाने ती भूमिका कायम केली. २०१२ मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांनुसार राज्यातील कांदळवन २०१३ मध्ये १८६ चौरस किलोमीटर होते, ते २०२१ मध्ये ३२४ चौरस किलोमीटरवर गेले. २०२३ च्या अहवालात मात्र हा आकडा सुमारे ३१५ वर आला आहे. मिळविलेले टिकविणे हे मिळविण्याइतकेच कष्टाचे असते, हे या आकड्यांवरून दिसते.

५० मीटरच्या पट्ट्याचा अर्थ पुष्कळदा केवळ निर्बंध असा घेतला जातो. वास्तविक ती उद्याच्या वनाची जागा आहे. समुद्राची पातळी वाढत आहे. पाणी चढेल तसतसे कांदळवन जमिनीच्या दिशेने सरकू पाहील. मागे भिंत किंवा रस्ता उभा असेल, तर त्याला सरकावयास वाव उरणार नाही आणि समुद्र व भिंत यांच्यात ते बुडून जाईल. वर्सोवा-भाईंदर सागरी किनारा रस्त्याची आखणी याच खाडीपट्ट्यातून होत असल्याने हा विचार तातडीचा झाला आहे. महानगराला दळणवळण हवे, हे कोणी नाकारणार नाही. परंतु दुसऱ्या जिल्ह्यात लावलेली रोपे गोराईचा पूर अडवीत नाहीत आणि गोराईच्या कोळ्याच्या जाळ्यात मासळी आणून सोडीत नाहीत. त्या रोपांचे वन होण्यास लागणारी वर्षे व त्या वर्षांतील नुकसान कोणी सोसावयाचे, याचे उत्तर प्रकल्पाच्या हिशेबात मांडले गेले पाहिजे.

येथे गावकऱ्यांचा प्रश्न येतो. घराची डागडुजी, होड्या ओढण्याची जागा, जाळी वाळविण्याचे अंगण हे सारे त्याच पट्ट्यात येते. संरक्षणाचा भार गावाने वाहावा आणि लाभ शहराने घ्यावा, अशी भावना बळावली तर कोणताही आराखडा तग धरणार नाही. २०१७ मध्ये शासनाने सुरू केलेली कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना खेकडापालन, कालवांची शेती, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन यांस साहाय्य देते, ती याच जाणिवेतून. गोराईत कांदळवन उद्यानाचे काम हाती घेण्यात आले, त्याचीही पारख पर्यटकांच्या संख्येवर न होता स्थानिक तरुणांना मिळालेल्या कामावर व्हावी.

तात्पर्य, चांगल्या आराखड्यात पाच गोष्टी असाव्यात : भरतीच्या वाटांसह अचूक नकाशा, दरवर्षी त्याच ठिकाणी त्याच पद्धतीने होणारी मोजणी, राखीव निधी, जबाबदार अधिकाऱ्याच्या बदलीनंतरही चालू राहणारी नोंदवही आणि गावाचा लेखी सहभाग. किनारपट्टीवरील पंचायतींनी आपापल्या खाडीची अशी नोंदवही आजच उघडण्यास हरकत नाही. शाळेतील मुलांनी शिक्षकांसमवेत वर्षातून दोनदा ठरावीक जागी श्वसनमुळे, चिंबोऱ्यांची बिळे व पक्षी मोजले, तरी वीस वर्षांत असा पुरावा जमा होईल की जो कोणत्याही कार्यालयाच्या कपाटात आज नाही. मग कोणी खाडीची एक वाट बुजवू लागला, तर पूर्वी तेथून पाणी वाहत होते हे दाखविणारी वही गावापाशी असेल.