दिव्यांग नागरिक आणि शासकीय संकेतस्थळे

(पंचायत समिती सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक व कार्यालयीन कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावात सरकारी सूचना द्यावयाची असली म्हणजे पूर्वी दोन मार्ग अवलंबिले जात. कोतवाल दवंडी पिटीत असे आणि सूचनेची प्रत चावडीच्या भिंतीवर डकविली जात असे. दवंडी अंध माणसाच्याही कानी पडे. ज्याला ऐकू येत नसे तो चावडीवर जाऊन वाची, आणि ज्याला अक्षरओळख नसे त्याला पारावरचे कोणी तरी वाचून दाखवी. ही व्यवस्था दिव्यांगांचा विचार करून आखली होती असे मी म्हणणार नाही. परंतु मार्ग दोन असल्यामुळे एक बंद असलेल्याला दुसरा उघडा राही. आज या दोहोंची जागा बहुतांशी संकेतस्थळाने घेतली आहे. "सूचना संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यात आली आहे," असे आपण टिपणीत लिहितो आणि नस्ती बंद करतो. ती कोणाकोणाला वाचता आली, हे नस्तीत कोठेही नसते.

या विषयाकडे माझे लक्ष वळले ते माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे. एका जिल्ह्यात नेमणुकीस असताना दिव्यांग व्यक्तींना स्वयंरोजगारासाठी द्यावयाच्या साहाय्याची सूचना संकेतस्थळावर ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. मी ते त्याच दिवशी पार पाडले. अर्जांची मुदत संपल्यानंतर अकरा दिवसांनी एक वयस्क गृहस्थ कार्यालयात आले. ते शाळेत संगीत शिकवीत असत. सारे त्यांना गुरुजी म्हणत. ते पूर्णतः अंध आहेत. त्यांनी विचारले, "साहेब, ती सूचना आपण कोठे लावली होती?" संकेतस्थळावर, असे मी सांगितले. ते म्हणाले, "तुमचे संकेतस्थळ मी रोज पाहतो. त्या दिवशीही पाहिले. तेथे काहीच नव्हते."

मला प्रथम वाटले, गुरुजींची काही तरी गफलत झाली असावी. त्यांनी पिशवीतून आपला लॅपटॉप काढला आणि माझ्यासमोर ते पृष्ठ उघडले. यंत्र बोलू लागले: "चित्र. चित्र. चित्र. दुवा, येथे क्लिक करा. दुवा, येथे क्लिक करा. दुवा, येथे क्लिक करा." त्यांपैकी चौथा की पाचवा दुवा माझ्या सूचनेचा होता. गुरुजींनी तो उघडला आणि यंत्र गप्प झाले. पडद्यावर संपूर्ण सूचना, सही आणि गोल शिक्क्यासह, मला स्पष्ट दिसत होती. त्या खोलीत ती दिसणारा मी एकटा होतो. मुदत उलटून गेल्यामुळे त्यांचा अर्ज घेता आला नाही. दिव्यांगांसाठी असलेली सूचना एका दिव्यांग माणसापासून लपली, आणि ती लपविणारा मी होतो.

यात घडले काय, हे समजून घेणे अवघड नाही. अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडर नावाच्या प्रणालीच्या साहाय्याने. पडद्यावर जो मजकूर असेल तो ही प्रणाली उच्चारून दाखविते. एनव्हीडीए ही अशी एक प्रणाली विनामूल्य मिळते. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने तिचा आरंभ केला आणि जेम्स तेह हे त्यांचे मित्र, तेही अंध, त्यांना येऊन मिळाले. तिला मराठीही वाचता येते. मात्र वाचण्यास अक्षरे असावी लागतात. माझी सूचना लिपिकाने संगणकावर टंकलिखित केली, त्या वेळी ती अक्षरेच होती. पुढे आम्ही ती छापली, साहेबांची सही घेतली, शिक्का मारला आणि तो कागद स्कॅन केला. स्कॅन केलेला कागद म्हणजे कागदाचे छायाचित्र होय. त्यात यंत्राच्या दृष्टीने एकही अक्षर नसते. वाचता येईल अशी फाईल त्या लिपिकाच्या संगणकात सुरक्षित पडून राहिली आणि वाचता न येणारी आम्ही जगापुढे मांडली!

यावरचा उपाय खर्चिक नाही. शासन निर्णयाच्या शेवटी तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केल्याचे वाक्य आपण सारेच वाचतो. ज्या कार्यालयात ही स्वाक्षरी उपलब्ध आहे तेथे कागद छापून पुन्हा स्कॅन करण्याचे प्रयोजनच उरत नाही. जेथे ती नाही तेथे सहीची प्रत ठेवावी, आणि तिच्या शेजारी तोच मजकूर अक्षररूपात साध्या पृष्ठावर द्यावा. पीडीएफवर सर्वस्वी विसंबू नये, असे मी अनुभवाने सांगेन. देवनागरीच्या काना-मात्रांचा आणि जोडाक्षरांचा क्रम पीडीएफमध्ये पुष्कळदा उलटापालटा होतो. डोळ्यांना मजकूर शुद्ध दिसतो आणि यंत्राच्या तोंडून मात्र भलतेच शब्द येतात.

दुसरा अडथळा खास आपल्या भाषेचा आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठीसाठी निरनिराळे फॉन्ट निघाले. त्यांत पडद्यावरचा आकार देवनागरी असे, परंतु आत साठविलेला संकेत रोमन अक्षराचा असे. अशा फॉन्टमधील "ग्रामसभा" हा शब्द स्क्रीन रीडरला रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक माळ वाटतो. काही कार्यालयांत आजही जुन्या फॉन्टचा मोह सुटलेला नाही. टंकलेखकाची बोटे त्या कळफलकाला सरावलेली असतात आणि त्याला दोष देणे बरोबर नव्हे. परंतु युनिकोडमध्येही जुन्या टंकलेखन यंत्राच्या धर्तीचा कळफलक मिळतो, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नसते. शिवाय प्रत्येक पृष्ठाच्या आत ते कोणत्या भाषेत आहे याची एक नोंद करावयाची असते. मराठी पृष्ठावर इंग्रजीची नोंद राहून गेली तर यंत्र इंग्रजी आवाजात मराठी वाचू पाहते. ते ऐकणे ही करमणूक असली तरी अर्ज भरणाऱ्याला ती परवडणारी नसते.

अर्जाचा विषय निघालाच आहे. पडद्यावरील अर्जात "नाव", "तालुका", "बँक खाते" असे शब्द रकान्याच्या शेजारी दिसतात. पण ते शब्द त्या रकान्याशी आतून जोडलेले नसले तर अंध अर्जदाराला फक्त "रकाना, रिकामा" एवढेच ऐकू येते. नाव कोठे लिहावे आणि खाते क्रमांक कोठे, हे त्याने ताडावयाचे. सारे ताडून झाल्यावर शेवटी कॅप्चा येतो. आपण मनुष्य आहोत, यंत्र नव्हे, हे सिद्ध करण्यासाठी वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहावयाची. जो ती पाहू शकत नाही तो या परीक्षेत मनुष्य ठरत नाही! ध्वनीचा किंवा अन्य प्रकारचा पर्याय द्यावा, हे बंधन मार्गदर्शक तत्त्वांत आहे.

केवळ अंधांचाच विचार करून भागणार नाही. ज्याचा हात कापतो त्याला माऊस स्थिर धरता येत नाही. तो कळफलकावरील टॅब कळीने एकेका दुव्यावर पुढे सरकतो. माऊस नुसता वर नेला असताना उघडणाऱ्या याद्या त्याच्यासाठी बंदच राहतात. ठराविक मिनिटांत अर्ज पुरा न झाल्यास सारे पुसले जाते. त्यालाही अधिक वेळ मागण्याची सोय हवी. "लाल रंगातील रकाने अनिवार्य आहेत" ही सूचना रंगांधाला निरुपयोगी ठरते. फिकट पार्श्वभूमीवरील फिकट अक्षरे मंददृष्टीच्या माणसाला दिसत नाहीत, आणि खरे पाहता भर उन्हात बांधावर उभे राहून मोबाईल पाहणाऱ्या शेतकऱ्यालाही दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे लागते, ते मोजण्याची साधने विनामूल्य आहेत. चित्रफितीखाली मजकूर नसेल तर कर्णबधिर प्रेक्षकाला वक्त्याचे ओठ तेवढे हलताना दिसतात. ज्या कर्णबधिरांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे, त्यांना आपले "उपरोक्त विषयान्वये" हे मराठी तर परक्या भाषेइतकेच कठीण जाते. इतरांनाही ते सोपे जात नसावे.

छायाचित्रे हा माझ्याच खात्याच्या जिव्हाळ्याचा विषय असल्याने दोन शब्द बोलतो. मुखपृष्ठावर सरकणारी मान्यवरांची छायाचित्रे, खाली धावती पट्टी, हे सारे आपण हौसेने करतो. प्रत्येक छायाचित्राला एका ओळीचे वर्णन आतून जोडण्याची सोय असते. ती ओळ आपण भरीत नाही, म्हणून गुरुजींना "चित्र, चित्र" एवढेच ऐकावे लागले. धावती पट्टी थांबविता आली पाहिजे. कोपऱ्यात अक्षरे लहानमोठी करण्याची बटणे बसविली म्हणजे संकेतस्थळ सुगम झाले, असा एक समज पसरलेला आहे. ती बटणे असण्यास हरकत नाही. परंतु स्कॅन केलेल्या कागदावर त्यांचा काडीचाही परिणाम होत नाही.

आता कायद्याविषयी. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या, त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रात. दिव्यांगत्वाचे प्रकार १९९५ च्या कायद्यात सात होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले; म्हणजे आज ही संख्या त्याहून मोठी धरणे योग्य. या अधिनियमाने माहिती व संपर्क साधने सर्वांना वापरता येतील अशी करण्याचे दायित्व शासनावर टाकले आहे. १५ जून २०१७ च्या नियमांतील पंधराव्या नियमाने संकेतस्थळांसाठी भारतीय शासकीय संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. ही तत्त्वे प्रथम २००९ साली निघाली. तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. तथापि मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे जमल्यास पाळावयाची गोष्ट, असा अर्थ आपल्यापैकी अनेकांनी लावला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावरच बोट ठेवले. कायदा बंधनकारक असताना त्याखालील नियम नुसता शिफारसवजा असू शकत नाही, असे ठरवून न्यायालयाने पंधरावा नियम अवैध ठरविला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत तयार करण्याचा आदेश केंद्र शासनास दिला. पुढे ३० एप्रिल २०२५ च्या निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यात चेहरा व डोळे यांना इजा झालेल्या याचिकाकर्त्या होत्या. बँकेच्या ओळख-पडताळणीसाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवा, असे यंत्र सांगत होते आणि ते करणे त्यांना शक्य नव्हते.

येथे बसलेले पंचायत सदस्य मनात म्हणत असतील, आमच्या ग्रामपंचायतीला संकेतस्थळच नाही, मग हे आम्हाला कशाला? आपल्या गावाचा व्हॉट्सॲप गट आहे ना? त्यावर ग्रामसभेची सूचना कशी जाते? फलकाचे छायाचित्र काढून! त्या छायाचित्राखाली तारीख, वेळ, ठिकाण आणि विषय चार ओळींत लिहून टाकले तर गावातील अंध व्यक्तीचा मोबाईल ते वाचून दाखवील. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. त्या खर्चाविषयीची सूचनाच जर छायाचित्रात अडकून राहिली, तर लाभार्थी कोठून येणार? मुख्याध्यापकांनीही पालकांच्या गटावर पाठवावयाच्या परिपत्रकांबाबत हेच करावे. पालकांमध्ये कोणी अंध नाही, असे गृहीत धरू नये. मीही जिल्ह्यासाठी ते गृहीत धरले होते.

संकेतस्थळ तयार करून घेणाऱ्या अधिकाऱ्यांना एवढेच सुचवितो की, निविदेत "संकेतस्थळ सुगम असावे" असे मोघम लिहू नये. कोणते निकष, कोणती पातळी, आणि देयक अदा करण्यापूर्वी प्रत्यक्ष दिव्यांग व्यक्तींकडून चाचणी, हे स्पष्ट लिहावे. चाचणीला येणाऱ्यांना मानधन द्यावे. ते तज्ज्ञाचे काम आहे. आमच्याकडे नंतर गुरुजींनीच ती चाचणी केली आणि पहिल्या बैठकीत तेवीस दोष काढले. त्यांपैकी सतरा दोष लिपिकाने आणि मी मिळून दोन दिवसांत दुरुस्त केले. त्यासाठी कोणाही तंत्रज्ञास बोलवावे लागले नाही. उरलेले सहा दुरुस्त होण्यास आठ महिने लागले, कारण ते कंत्राटात नव्हते.

भोजनोत्तर सत्रात मागच्या टेबलावर दोन लॅपटॉप ठेवलेले असतील. दोहोंवर एनव्हीडीए चालू आहे, पडदे कापडाने झाकलेले आहेत आणि माऊस काढून ठेवले आहेत. आपापल्या कार्यालयाचे पृष्ठ उघडून अगदी अलीकडची सूचना शोधून पाहावी. दर वेळी पंधरा मिनिटे पुरी पडत नाहीत, म्हणून आज अर्धा तास ठेवला आहे.