तबक धरणाऱ्या मुली

(महाविद्यालयीन मुलींबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला दिलेला विषय आहे 'कॉलेजातील मंडळे, उपक्रम आणि मुलींचा सहभाग'. ऐकायला अगदी निरुपद्रवी वाटतो. त्यात भांडण्यासारखं काय आहे, असंही कुणाला वाटेल. मलाही परवापर्यंत वाटत होतं. पण या शिबिराचं निमंत्रण आलं त्याच आठवड्यात मला माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. तिची नात यंदा कॉलेजात गेली आहे. ती म्हणाली, "अगं, पोरगी गॅदरिंगमध्ये भाग घेऊ का म्हणून विचारतेय. तिच्या आईने माझ्यावर ढकललंय. काय सांगू तिला?"

हा प्रश्न तिने मला का विचारला, हे सांगितल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही.

१९८३ साली मी एका तालुक्याच्या गावी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजची एल. आर., म्हणजे लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह होते. निवडून आले होते, पण बिनविरोध, कारण दुसऱ्या कुणी फॉर्मच भरला नव्हता. पदाचा मला फार अभिमान होता. काम काय होतं? पाहुणे आले की दारात रांगोळी काढायची. औक्षणाला पाच मुली उभ्या करायच्या. स्वागतगीत बसवायचं. बक्षीस समारंभात पदकांचं तबक धरून उभं राहायचं. पाहुणे कोणाला बोलवायचे, नाटक कोणतं बसवायचं, गॅदरिंगला किती पैसे आहेत, हे सगळं जी. एस. आणि दोन सर मिळून ठरवत. मला ते नंतर कळवलं जाई. मला त्यात काही खटकत नव्हतं. घरीही तसंच होतं.

गॅदरिंगच्या आधी आठ दिवस नोटीसबोर्डाखाली एक पुठ्ठ्याची पेटी ठेवत. फिशपाँडची पेटी. तुमच्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना ती माहीत असेल. आपल्याकडे त्याला शेलापागोटे असं छान नाव आहे. निनावी चिठ्ठी टाकायची, कोणाचं तरी नाव घालून शेरा मारायचा आणि गॅदरिंगच्या दिवशी ती सगळ्यांसमोर वाचली जायची. सरांवरचे फिशपाँड आधी काढून टाकत. मुलांवरचे असत ते दाढीचे, नापासाचे. मुलींवरचे असत ते रंगाचे, अंगाचे आणि कोण कोणाबरोबर दिसली त्याचे. पाहा, सरांची अब्रू सांभाळायला चाळणी होती. आमच्यासाठी नव्हती.

त्या वर्षी चिठ्ठ्या वाचायला जी. एस. बरोबर मी उभी होते. एका चिठ्ठीत माझ्या मैत्रिणीचं नाव होतं, पुढे वर्गातल्या एका मुलाचं, आणि एसटी स्टँडमागच्या हॉटेलचा उल्लेख. मुलगा दुसऱ्या जातीचा. चिठ्ठीत होतं ते खोटं होतं. मला ते माहीत होतं, कारण आम्ही दोघी रोज एकाच गाडीने घरी जात होतो. तरी मी वाचली. हसत हसत वाचली. मंडपात शिट्ट्या झाल्या. तिथे तिचा चुलतभाऊ बसला होता.

दुसऱ्या दिवसापासून ती कॉलेजात आली नाही. मे महिन्यात तिचं लग्न झालं. मी प्राचार्यांकडे गेले होते, तर ते म्हणाले, "गमतीची गोष्ट असते, एवढं मनावर घ्यायचं नसतं." त्यांनीही खोटी सहानुभूती दाखवली नाही, हे त्यांचं खरेपण म्हणायचं. वीसएक वर्षांनी ती मला भेटली तेव्हा ती चिठ्ठी कोणी लिहिली असं तिने विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तू वाचत होतीस ना, तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. तू थांबशील असं वाटलं होतं."

तर हा तो फोन, आणि ही ती मैत्रीण.

आता 'सहभाग' या शब्दाकडे येऊ. मी व्यासपीठावर होते. माझ्या हातात माइक होता. हजेरीच्या कागदावर मुलींचा सहभाग भरपूर होता. पण निर्णय एकही माझा नव्हता, आणि जिच्यासाठी मी तिथे असायला हवं होतं तिच्या मी उपयोगी पडले नाही. म्हणून मुलींची संख्या सांगून कोणी मला गप्प करू शकत नाही. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण पाहणीप्रमाणे देशात ४.३३ कोटी विद्यार्थ्यांपैकी २.०७ कोटी मुली होत्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या. वर्गात निम्म्या आलो. मंडळाच्या बैठकीत निम्म्या आहोत का? हिशोबाच्या वहीपाशी आहोत का?

कॉलेजातली मंडळं ही फालतू गोष्ट आहे असं समजू नका. आपल्या चळवळीची काही मुळं तिथेच आहेत. हैदराबादला १९७४ साली उस्मानिया विद्यापीठातल्या विद्यार्थिनींच्या पुढाकारातून प्रोग्रेसिव्ह ऑर्गनायझेशन ऑफ विमेन ही संघटना उभी राहिली. मुलींची छेडछाड आणि हुंडा हे त्यांचे सुरुवातीचे विषय. २०१५ साली दिल्लीत वसतिगृहाच्या वेळांविरुद्ध मुलींनी 'पिंजरा तोड' मोहीम सुरू केली. २०१७ च्या सप्टेंबरात बनारस हिंदू विद्यापीठात एका मुलीचा विनयभंग झाल्यावर मुली विद्यापीठाच्या दाराशी धरणं धरून बसल्या. अशा वेळी मुली अचानक एकत्र येत नाहीत. आधी कुठेतरी त्या एकत्र बसलेल्या असतात, नाटकाच्या तालमीला, भित्तिपत्रकाला, एन. एस. एस. च्या शिबिरात. एकमेकींची नावं माहीत असतात. वेळ आली की ती ओळख उपयोगी पडते.

एन. एस. एस. चंच घ्या. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी ही योजना सुरू झाली. वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. अनेक मुली आयुष्यात पहिल्यांदा नातेवाइकांच्या घराबाहेर रात्री राहतात त्या या शिबिरात. त्यासाठी घरी किती दिवस मनधरणी करावी लागते! आणि तिथे पोचल्यावर काय होतं? मुलगे बंधारा बांधतात आणि मुली भाकऱ्या थापतात. ज्या शिबिरात ही वाटणी मोडली, तिथून परतलेल्या मुली वेगळ्या असतात, हे मी पाहिलं आहे. जिने चार दिवस फावडं चालवलं, ती पाचव्या दिवशी रात्रीच्या चर्चेत बोलते.

आमच्या गटाने गेली काही वर्षं एका ग्रामीण कॉलेजातल्या मुलींबरोबर काम केलं. त्यातून चार गोष्टी शिकलो, त्या तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट वेळेची. मुली भाग घेत नाहीत, अशी सरांची तक्रार होती. तालमी कधी, तर संध्याकाळी पाचनंतर. शेवटची गाडी साडेपाचची. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं, पण गाडीच नसेल तर अर्ध्या तिकिटाचं काय करायचं? मुलींनी मागणी केली ती एवढीच, की तालीम दुपारी दोन तासांची ठेवा. ती मान्य झाल्यावर नाटकात मुली मिळेनात ही तक्रार संपली. उत्साह आधीही होताच.

दुसरी गोष्ट पैशाची. विद्यार्थी उपक्रमांची फी मुलगी आणि मुलगा सारखीच भरतात. ती खर्च कशावर होते? मुलींनी माहिती मागितली तेव्हा कळलं की मंडप आणि साउंड सिस्टीमवर बहुतेक पैसे जातात. मुलींच्या कॉमन रूमला कडी नव्हती. कडी बसवायला पैसे नव्हते! हिशोब मागणं म्हणजे उद्धटपणा असं आपल्याला शिकवलेलं असतं. तो हक्क आहे, हे मुलींना आधी आपसात पटवावं लागलं.

तिसरी गोष्ट निर्णयाची. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर कॉलेजातल्या निवडणुका गेल्या आणि गुणांवरून प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद पुन्हा केली, त्यात विद्यार्थिनी प्रतिनिधीची जागाही ठेवली. २०१९ मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि लांबणीवर पडल्या. जुन्या निवडणुकांत गुंडगिरी होती, हे मी नाकारत नाही. पण नेमलेली प्रतिनिधी नेमणाऱ्याकडे बघते आणि निवडलेली निवडणारींकडे बघते. म्हणून निवडणूक असो वा नसो, मुलींनी वर्गावर्गातून आपली माणसं स्वतः ठरवावीत आणि कार्यालयाला कळवावीत.

चौथी गोष्ट तक्रारीची. माझ्या मैत्रिणीच्या वेळी जायला जागाच नव्हती. आज आहे. १९९७ चा विशाखा निकाल, २०१३ चा कायदा आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम, यांमुळे प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका. निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती. आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर विद्यार्थी प्रतिनिधी, तेही लोकशाही पद्धतीने निवडलेले. तक्रार साधारण तीन महिन्यांत द्यायची आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी करायची. बहुतेक ठिकाणी या समितीचा फलक असतो. तिच्या विद्यार्थी सदस्या कोण, हे त्या सदस्यांनाही ठाऊक नसतं.

आता एक अडचण सांगते, कारण ती तुम्हालाही येईल. या कॉलेजात मुलींनी फिशपाँड बंद करण्याची मागणी केली. प्राचार्यांनी लगेच मान्य केली, आणि त्याच नोटिशीत मुलींचे समूहनृत्यही 'सुरक्षिततेसाठी' बंद केले. मुलींना काय बोलावं ते कळेना. काहींना आमचाच राग आला. त्या म्हणाल्या, तुमच्यामुळे आमचा नाच गेला. त्यांचं बरोबर होतं. आपण संरक्षण मागितलं की आपल्याला बंदी मिळते. मग पुन्हा अर्ज गेला. निनावी चिठ्ठी बंद करा असं आम्ही म्हटलं होतं, आम्हाला बंद करा असं नव्हे. दोन बैठका झाल्या. नाच परत आला. रात्री नव्हे, दुपारी. अर्धाच विजय, पण मुलींनी स्वतः मिळवलेला.

पुठ्ठ्याची पेटी आता कमी झाली असेल, पण कॉलेजच्या नावाने निनावी 'कन्फेशन' पानं मोबाइलवर चालतात. ती मंडपापुरती राहत नाहीत, घराघरांत पोचतात. म्हणून हा विषय जुना झालेला नाही.

शेवटी आपल्या संघटनांबद्दल. आपण कॉलेजात जातो ते आठ मार्चला, तासभर भाषण करायला. समोर मुली बसवलेल्या असतात, दारात रांगोळी असते, आणि आपल्यालाही एक मुलगी तबकातून गुलाबाचं फूल देते. आपण ते घेतो! पुढच्या वेळी तिला विचारा, हा कार्यक्रम कोणी ठरवला? वसतिगृहातल्या मुली आल्यात का? दलित, आदिवासी, मुस्लिम मुली मागच्या रांगेत का आहेत? आणि वर्षातून चार वेळा, भाषणाशिवाय, त्यांचं ऐकायला जा.

मैत्रिणीला मी काय सांगितलं, ते राहिलं. मी म्हटलं, घेऊ दे भाग. पण तिला सांग, तबक धरायला सांगितलं तर विचार, यादी कोण करतंय. हातात चिठ्ठी आली तर आधी मनात वाच. आणि वाचू नये असं वाटलं, तर सगळा मंडप वाट बघत असला तरी थांब.

फोनवर थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "हे तूच सांग तिला. रविवारी घेऊन येते."

त्या रविवारी दोघी आल्या होत्या. नातीने नाटकात नाव दिलं आहे.